धरणाची पाण्याखालची भिंत कोण बघतं?

पावसाळा तोंडावर आला की 'धरणाची पाहणी झाली' ही बातमी येतेच. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि नंतर अशी दोनदा पाहणी बंधनकारक केली आहे. पण पाण्याकडची भिंत, खालचे दरवाजे, पाणी आत घेणाऱ्या तोंडावरची जाळी वरून दिसणार कशी?

कोयनेचंच घ्या. उंची 103 मीटर. हवेची टाकी लावलेला पाणबुड्या साधारण 40-50 मीटर खाली जातो, तिथेही काही मिनिटंच थांबतो. वर येताना घाई केली तर जिवावर बेततं. आणि 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात याच भिंतीला तडे गेले होते, हे विसरून चालणार नाही.

इथे यंत्र उपयोगी पडतं. त्यात दोन प्रकार. एक वायरवालं, काठावरचा माणूस स्क्रीन बघून चालवतो. दुसरं स्वयंचलित, बॅटरीवर ठरलेल्या मार्गाने स्वतःच फिरतं. समुद्रातल्या तेल-वायूच्या पाइपलाइन अशाने तपासतात. पाण्याखाली जीपीएस चालत नाही, म्हणून ते आवाज सोडतं आणि परत आलेल्या आवाजावरून भिंत किती लांब ते ओळखतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 'माया' नावाचं असं यान बनवलेलं आहे.

दरवर्षी त्याच मार्गाने फिरवून मागच्या वर्षीच्या चित्राशी ताडून बघायला स्वयंचलित यंत्र चांगलं. पण धरणात बुडालेली झाडं असतात, पाण्याची ओढ असते. संशयाच्या जागी थांबून पुन्हा बघायला आमच्या मते वायरवालंच बरं. गढूळ पाण्यात तर कॅमेरा आंधळाच. आवाजावरून मोठा खड्डा कळतो, केसाएवढी भेग नाही.

तरी खरी अडचण यंत्राची नाही. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं, वीसहून जास्त माणसं गेली. ते मातीचं धरण, गळती गावकऱ्यांना उघड्या डोळ्यांनी दिसत होती, तक्रारीही झाल्या होत्या. नंतर खेकड्यांवर खापर फोडलं गेलं ते वेगळंच.

म्हणून धरणाखालच्या गावांनी ग्रामसभेत एवढं विचारावं: पाण्याकडची बाजू शेवटची कधी तपासली, किती खोलीपर्यंत, काय सापडलं, दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत? तोंडी उत्तर मिळालं तर माहिती अधिकारात अर्ज टाकून अहवालाची प्रत मागता येते.