लपवाले काही नाही म्हणता, मंग फोनले लॉक कायले लावता?

पोस्ट मोठी आहे राजेहो, पण चहा पिता पिता वाचून घ्या. तुमच्याच खिशातल्या फोनबद्दल आहे.

जानेवारी 2025 आठवतो? शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस मुठीमुठीनं हातात येत होते. काही दिवसांत टक्कल. कोणी पाण्याला दोष देत होतं, कोणी बुरशीला. आयसीएमआरचं पथक आलं, पुढे डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. पण ते सगळं नंतर. पहिल्या आठवड्यात कोणालाच काही माहीत नव्हतं. घाबरलेला माणूस जे करतो तेच आपण घरोघरी केलं, फोन काढला आणि शोधलं.

मी खामगावात बसून एकदाच "अचानक केस गळण्याचे कारण" असं टाकलं. माझं डोकं शाबूत होतं, मावशी त्या भागात राहते म्हणून काळजी. दुसऱ्या दिवसापासून पंधरा दिवस माझ्या फोनवर तेल, गोळ्या, शाम्पू आणि केस रोपण. तुरीचे भाव पाहायला गेलो तरी तेल, क्रिकेटचा स्कोअर पाहिला तरी तेल. मावशीच्या फोनवरही तेच. तिनं बाराशे रुपयांची बाटली मागवली. तिचे केस गेलेच नव्हते, नुसत्या भीतीनं मागवली. पथकाला कारण सापडायच्या आधी तेलवाल्याला गिऱ्हाईक सापडलं!

हे जादूनं होत नाही. समजा आठवडी बाजारात एक माणूस वही घेऊन तुमच्या मागं फिरतोय. कोणत्या दुकानासमोर थांबलात, काय विचारलंत, कितीला सोडून दिलंत, सगळं लिहितोय. अन् ती वही पाहून जो जास्त पैसे देईल त्याला तुमच्यासमोर उभं करतोय. खरा बाजार असता तर आपण त्याची कॉलर धरली असती. फोनमध्ये हा वहीवाला दिसत नाही, एवढाच फरक. वेबसाइटवर त्याला ट्रॅकर म्हणतात. आणि त्याला आत घ्यायचं की दारातून हाकलायचं, हे बऱ्याच अंशी तुमचा ब्राउझर ठरवतो.

आता सांगा, तुमच्या फोनमध्ये ब्राउझर कोणाचा आहे? बहुतेकांचा क्रोम. क्रोम गुगलचा. गुगलच्या मूळ कंपनीचं 2024 सालचं उत्पन्न साधारण 35,000 कोटी डॉलर, त्यातला जवळपास तीन चतुर्थांश पैसा जाहिरातींचा. म्हणजे वहीवाल्याच्या मालकालाच आपण दारावर चौकीदार ठेवलंय. 2020 मध्ये गुगलनं जाहीर केलं की दोन वर्षांत क्रोममधून पाळत ठेवणाऱ्या तिऱ्हाईत कुकीज काढतो. तारीख पुढे गेली, परत पुढे गेली, आणि 2024 मध्ये तो बेतच मागे घेतला. फायरफॉक्स आणि ॲपलचा सफारी यांनी हे काम कधीच करून टाकलं होतं. त्यांना जमलं, यांना का जमलं नाही? उत्तर पोटात आहे.

"मी इन्कॉग्निटोत पाहतो, मले काय फरक पडते?" असं म्हणणारे हुशार पोट्टेही आहेत. त्यांच्यासाठी सांगतो. याच इन्कॉग्निटोवरून 2020 मध्ये अमेरिकेत गुगलवर खटला भरला गेला. 2024 मध्ये तडजोड झाली आणि गुगलला गोळा केलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल करावं लागलं. ती खिडकी तुमचं गुपित घरच्यांपासून लपवते, बाजारापासून नाही.

पण हे बोललो की गावात एकच उत्तर मिळतं. "भाऊ, आपल्यापाशी लपवाले आहे तं काय? आपण काय चोर आहो?"

चोर नाही, मान्य. पण मग संडासाला दार कशासाठी? पासबुकातली शिल्लक पारावर वाचून दाखवता का? पोरीसाठी स्थळ पाहताना अंगावर कर्ज किती ते सांगत सुटता का? आपण फोनला जे विचारतो ते सख्ख्या भावालाही विचारत नाही. सोनं गहाण ठेवलं तर व्याज किती, पाळी चुकली तर काय करावं, दारू कशी सोडावी, सावकार घरी आला तर तक्रार कुठं करावी. हे सगळं ज्याच्या वहीत आहे त्याला तुमची नड माहीत आहे. आणि अडला हरी काय करतो ते आपल्याला शिकवायला नको. ज्या आठवड्यात पैशाची ओढाताण, त्याच आठवड्यात झटपट कर्जाची जाहिरात समोर येते, तेव्हा ती देवानं पाठवलेली नसते.

24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यात "फक्त पुण्या-मुंबईच्या शिकलेल्यांसाठी" असं कुठं लिहिलेलं नाही. घाटावरच्याला आहे आणि घाटाखालच्यालाही आहे.

आपल्याला राग येतो, पण अर्धवट येतो. टू-जीच्या दिवसांत जिल्हाभर यूसी ब्राउझर चालायचा, मीही वापरला. 2015 मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबनं दाखवून दिलं की तो वापरणाऱ्याचं ठिकाण, शोधलेले शब्द आणि फोनची ओळख नीट न झाकताच बाहेर पाठवतो. आपल्याला काही वाटलं नाही. 29 जून 2020 ला 59 चिनी ॲपवर बंदी आली, त्यात यूसीही गेला, तेव्हा चौकात पेढे वाटायचे बाकी होते. आणि दुसऱ्या दिवशी आपण काय केलं? निमूटपणे क्रोम उघडला. चोर चिनी असला तर हाकलायचा आणि अमेरिकन असला तर चहा पाजायचा?

"क्रोम चांगला आहे म्हणून लोक वापरतात" हेही अर्धसत्य आहे. तो फोनसोबत येतो म्हणून लोक वापरतात. जे आधीपासून लावून दिलंय ते कोणी बदलत नाही, हे गुगलला पक्कं ठाऊक आहे. नाहीतर 2021 या एका वर्षात आपलं सर्च आधीपासून लावून ठेवावं म्हणून ॲपल, सॅमसंग वगैरेंना 2,630 कोटी डॉलर कशाला मोजले असते? हा आकडा अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आला. ऑगस्ट 2024 मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी सर्चमधली ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. आपल्या स्पर्धा आयोगानंही ऑक्टोबर 2022 मध्ये अँड्रॉइडमधल्या दादागिरीबद्दल 1,337.76 कोटींचा दंड ठोकला. तुमचा आळस त्यांच्यासाठी एवढ्या किमतीचा आहे. तुम्ही मात्र तो फुकट देताय.

मग करायचं काय? फोन फेकायचा नाही. दहा मिनिटांचं काम आहे.

1. फायरफॉक्स टाका. मराठीत आहे, फुकट आहे. त्यात यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन जोडा, ते मोबाइलवरही चालतं. क्रोमनं नियम बदलून हेच एक्स्टेन्शन आपल्याकडे बंद पाडलं, यावरून काय ते ओळखा.
2. हे जड वाटलं तर ब्रेव्ह टाका. तो क्रोमसारखाच दिसतो, ट्रॅकर आपोआप अडवतो.
3. शोधायला डकडकगो लावा. आणि सेटिंगमध्ये "डिफॉल्ट ब्राउझर" बदला, नाहीतर व्हॉट्सॲपवरची प्रत्येक लिंक परत क्रोममध्येच उघडेल.
4. एखादी सरकारी साइट अडली तर तेवढ्यापुरता क्रोम उघडा आणि बंद करा.
5. कोणतीही साइट "नोटिफिकेशन देऊ का" म्हणाली की सरळ नाही म्हणा.

फायरफॉक्स म्हणजे संत गजानन महाराजांचा प्रसाद आहे असं मी म्हणत नाही. मोझिलाचं बहुतेक उत्पन्न आजही गुगलच्या करारातूनच येतं. मीही व्हॉट्सॲप सोडलेलं नाही, अख्खं गाव तिथं आहे, कुठं जाऊ? पण फरक ओळखा. गिरणीवर उभं राहून दळून आणलेलं पीठ आणि बंद पुड्यातलं पीठ यात जो फरक आहे, तोच मुक्त आणि बंद सॉफ्टवेअरमध्ये आहे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये काय दळलंय ते जाणकाराला उघडून पाहता येतं, चूक दाखवता येते. आपल्याला स्वतःला कोड वाचता येत नाही, पण वाचणारे हजार डोळे आहेत. आणि "स्वदेशी घ्या" म्हणणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. स्वदेशी ही चांगली गोष्ट, पण बंद पुडा देशी असला तरी बंदच असतो.

आता घरातून जरा बाहेर येऊ. मागच्या महिन्यात एका सेवा केंद्रावर उत्पन्नाच्या दाखल्याला गेलो होतो. ऑपरेटरनं माझी फाइल शोधायला डाऊनलोड फोल्डर उघडला. अख्ख्या पंचक्रोशीचे आधार कार्ड, सातबारे, पासबुकं, बायाबापड्यांचे फोटो. ब्राउझरमध्ये कोणाचातरी जीमेल उघडाच. त्या पोराचा दोष नाही, त्याला कोणी शिकवलंच नाही. पण तिथं गेलात तर हक्कानं सांगा. प्रायव्हेट खिडकीत उघड, पासवर्ड सेव्ह करू नको, काम झालं की माझ्या समोर फाइल डिलीट कर. लाजू नका, आधार तुमचं आहे.

आणि जिल्हा परिषद, पंचायत समित्या, ग्रामपंचायतींना माझा जाहीर सवाल आहे. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. शाळांतल्या जुन्या संगणकांचं काय करणार? भंगारात देऊन नव्याचं टेंडर काढणार? की लिनक्स मिंट आणि लिब्रे ऑफिस टाकून तीच यंत्रं अजून पाच वर्षं चालवणार? केरळनं सरकारी शाळांत कित्येक वर्षांपासून लिनक्स चालवून दाखवलं, शिक्षकांना शिकवलं, लायसन्सचा पैसा वाचवला. त्यांच्या पोरांना जमतं तर जिजाऊच्या माहेरच्या पोरांना का जमणार नाही? जी पोरं आज चोरीचं विंडोज आणि क्रॅक केलेलं ऑफिस शिकतायत, त्यांना आपण संगणक शिकवत नाही, दुसऱ्याच्या दुकानाचं गिऱ्हाईक बनवतोय.

माझ्या ओळखीच्या एका गुरुजींनी शाळेतले चार बंद पडलेले संगणक असेच सुरू केले. मला लिनक्स टाकता येतं. खामगाव, शेगाव, नांदुरा भागातल्या कोणत्याही शाळेला किंवा वाचनालयाला हवं असेल तर रविवारी पेनड्राइव्ह घेऊन येतो. पैसे नको, चहा पाजा.

बाकी काही नाही केलं तरी आज रात्री एवढं करा. आईच्या, मावशीच्या फोनमध्ये ब्राउझर बदलून द्या. त्या स्वतः कधी बदलणार नाहीत, आणि बाराशेची बाटली त्याच मागवतात.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी आहेच.