गायिका बदलली, प्रश्न तोच

आपल्या गटांमधल्या तरुण मुली जे संगीत ऐकतात, ते आपल्यापैकी बऱ्याच जणींना गोंगाट वाटतं. मलाही वाटायचं. पण कॅनडातल्या 'क्रिस्टल कॅसल्स' या इलेक्ट्रॉनिक बँडची हकिगत कळली आणि वाटलं, ही तर आपल्या ओळखीची गोष्ट आहे.

टोरांटोचा हा बँड मुख्यतः दोघांचा. संगीत इथन कॅथचं, आवाज अ‍ॅलिस ग्लासचा. २००८ ते २०१२ या काळात तीन अल्बम आले, नाव झालं. ऑक्टोबर २०१४ मध्ये अ‍ॅलिस बाहेर पडली. कारणं व्यावसायिक आणि वैयक्तिक आहेत, एवढंच ती म्हणाली. त्यावर कॅथच्या जाहीर बोलण्याचा सूर असा, की तिचा वाटा फारसा नव्हताच. २०१६ मध्ये ईडिथ फ्रान्सिस या नव्या गायिकेसह 'अ‍ॅम्नेस्टी (१)' हा अल्बम आला. नाव तेच, कार्यक्रम सुरू.

ऑक्टोबर २०१७ मध्ये 'मी टू'ची लाट उसळली तेव्हा अ‍ॅलिसने लिहिलं, की कॅथ भेटला तेव्हा ती अल्पवयीन होती आणि पुढे अनेक वर्षं त्याने तिचा लैंगिक, शारीरिक व मानसिक छळ केला. कॅथने आरोप नाकारले आणि तिच्यावर बदनामीचा दावा लावला. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने तो फेटाळला. सार्वजनिक हिताच्या प्रश्नावर बोलणाऱ्याचं तोंड बंद करण्यासाठी लावलेले दावे सुरुवातीलाच निकालात काढता यावेत, असा कायदा तिथे आहे. या निकालाने आरोप सिद्ध झाले असं नव्हे. पण तिला बोलता आलं.

आपल्याकडे असा कायदा नाही. उलट बदनामी हा आजही फौजदारी गुन्हा आहे. पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर एम. जे. अकबर यांनी २०१८ मध्ये खटला भरला. दिल्लीच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांना निर्दोष ठरवलं, तोवर दोन वर्षं तारखांमध्ये गेली. ज्या बाईमागे वकील नाहीत, नाव नाही, ती या भीतीपोटीच गप्प बसते.

मला जास्त अस्वस्थ करतात ती मधली तीन वर्षं. बाई काम सोडून जाते, तिच्या जागी दुसरी येते आणि 'सगळं सुरळीत आहे' असा निर्वाळा मिळतो. कारखान्यात, कचेरीत, नाटकमंडळीत हेच. स्पष्ट सांगायचं तर आपल्या संस्थांमध्येही. गेलेल्या बाईचं काम किती किरकोळ होतं, हे मागे राहिलेले सांगतात. नव्या बाईला मग जुनीशी तोललं जातं. भांडण दोघींचं ठरतं, नाव ज्याच्या हातात आहे तो बाजूलाच राहतो. म्हणून नव्या गायिकेला दोष देणं मला मान्य नाही. तीही कामच करायला आली होती.

मैत्रिणींनो, २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती आणि बाकीच्यांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती दिली. पण समिती तक्रारीची वाट पाहते. निघून गेलेल्या बाईच्या घरी जाऊन 'तू का सोडलंस?' असं विचारणं कोणत्याही कलमात बसत नाही. ते आपल्यालाच करावं लागेल, आणि उत्तर आपल्याच संस्थेविरुद्ध आलं तरी ऐकून घ्यावं लागेल.