कॉम्प्युटरमध्ये अक्षर ओळखू येत नाही

आमच्या वडिलांची उधारीची वही उर्दूत असे. वडिलांचे अक्षर गोल, चुलत्यांचे तिरपे, आणि मुनीमजी आपल्या नोंदी मराठीत करीत. कुठे खाडाखोड झाली की पान उघडताच कळे, हा हात कोणाचा. वहीला वेगळा साक्षीदार लागत नसे. अक्षर हाच साक्षीदार होता.

आज तिसगावात आमच्या कापड दुकानात ती वही नाही. गल्ल्यावर एक, गोदामात एक आणि घरी एक असे तीन कॉम्प्युटर आहेत. उधारी, दरपत्रके, बिले हे सर्व चौथ्या एका कॉम्प्युटरवर राहते व तिघेही तेथूनच उघडतात. यालाच सर्व्हर म्हणतात. सोय मोठी आहे. पण कॉम्प्युटरमध्ये सर्वांचे अक्षर सारखेच दिसते. ही साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही, आणि तिची किंमत आम्ही पैशात नव्हे, माणसात मोजली.

सर्व्हर बसवला तेव्हा आम्ही सर्वांसाठी एकच नाव आणि एकच पासवर्ड ठेवला. घरचीच माणसे, भिंती कशाला? मग मढीच्या यात्रेच्या गर्दीत एके दिवशी उधारीची फाईल उघडली तर तीन गिऱ्हाइकांची बाकी कमी झालेली. संशय तरुण मुनीमावर गेला. आम्ही आरोप केला नाही, पण नजर बदलली. ती त्याने ओळखली आणि महिनाअखेर काम सोडले. दोन महिन्यांनी आमच्याच पुतण्याच्या पेनड्राईव्हमध्ये जुनी फाईल सापडली, आकडे तेच. त्याने घरी काम करून ती जुनी फाईल नव्या फाईलवर चढवली होती. आम्ही मुनीमाच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याने माफ केले, परत मात्र आला नाही.

म्हणून व्यापारी बांधवांना आमचे सांगणे आहे : सर्व्हर बसवा, पण पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला स्वतःचे नाव आणि स्वतःचा पासवर्ड द्या. हेच आजचे अक्षर आहे.

खर्च फार नाही. चालू स्थितीतला जुना कॉम्प्युटर, दोन नव्या हार्डडिस्क, एक यूपीएस आणि वायरची जोडणी एवढ्यावर लहान दुकानाचे काम भागते. १९९० नंतरच्या दशकापासून 'सांबा' नावाचे मोफत सॉफ्टवेअर मिळते. लिनक्सवर ते चढवले की विंडोजच्या कॉम्प्युटरांना सामायिक फोल्डर वापरता येतात. मशीन मात्र थानांजवळ ठेवू नका. कापडाचे तंतू पंख्यात अडकतात आणि ते तापते.

फोल्डर कामाप्रमाणे करा. 'हिशेब' मालक व मुनीम यांच्यासाठी, 'दर' सर्वांनी वाचावा, बदल एकानेच करावा, 'माल' गोदामवाल्यांसाठी, शिवणकाम करून घेत असाल तर 'मापे' कारागिरांसाठी. परवानगी माणसाला न देता गटाला द्यावी, म्हणजे नवा माणूस आला की त्याला गटात घातले की झाले. काम सोडून गेला तर त्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे, फाईल मात्र पुसू नयेत. कोणी काय बदलले याची नोंद आपोआप राहीलच असे नाही. बसवणाऱ्याकडून ती सोय चालू करून घ्या.

कायदाही हेच सांगतो. जीएसटीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांतील ५६ व्या नियमाप्रमाणे हिशेब कॉम्प्युटरवर असेल तर बदललेल्या व पुसलेल्या प्रत्येक नोंदीची यादी ठेवावी लागते. हिशेब जपायचा तो वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. एवढा काळ एका हार्डडिस्कवर भरवसा ठेवणे शहाणपणाचे नाही. दोन डिस्कवर एकच माहिती एकाच वेळी लिहिली जात असली तरी ती राखीव प्रत नव्हे, कारण चुकीची फाईल दोन्हीकडे चढते. रोजची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि आठवड्याची एक दुकानाबाहेर, घरी ठेवा. महिन्यातून एकदा त्या प्रतीतून एखादी फाईल परत आणून पाहा.

आणखी एक धोका ध्यानात ठेवा. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस जगभर पसरला. फाईली कुलूपबंद करून तो खंडणी मागे. तो शिरला तो विंडोजच्या याच सामायिक फोल्डरच्या वाटेने. दुरुस्ती मार्च महिन्यातच आली होती. ज्यांनी ती चढवली नव्हती ते अडकले. तेव्हा विंडोजची दुरुस्ती वेळच्या वेळी चढवा आणि दुकानाचे फोल्डर इंटरनेटवर कधीही उघडे ठेवू नका.

काही बांधव म्हणतील, घरच्या माणसांना वेगवेगळ्या चाव्या देणे म्हणजे अविश्वास. आम्हीही हेच म्हणत होतो. पण आमच्या दुकानात अविश्वास जन्मला तो चावी एकच असल्यामुळे. नोंद असती तर पुतण्याची चूक पाच मिनिटांत कळली असती, हसून विषय संपला असता आणि मुनीम आजही गल्ल्यावर असता. नोंद मालकाचे रक्षण करते, त्याहून जास्त नोकराचे करते. गिऱ्हाइकाची बाकी ही अमानत आहे. नोकराची इज्जतही अमानतच आहे.

आमच्याकडे आज पाच माणसांची पाच नावे आहेत. सहावे नाव त्या मुनीमाचे होते. सर्व्हरवर ते नाव कधी चढवताच आले नाही, याची खंत आम्हाला आहे.