शेवटच्या ताटातली भाजी
रात्री साडेआठनंतर आमच्या मंडईत मेथीच्या दोन जुड्या दहाला मिळतात. धुण्याभांड्यांची कामं आटोपून परतणाऱ्या बायका तेव्हाच पिशव्या काढतात. पानं मलूल, देठं काळवंडलेली. जागतिक आरोग्य संघटना सांगते, बटाटे-कंद सोडून माणशी रोज 400 ग्रॅम फळं-भाज्या खा. पाच जणांच्या घराला दोन किलो झाली! हातावर पोट असलेल्यांनी ती आणायची कशातून? आणलीच, तरी केळं मुलाच्या डब्यात, सफरचंद सासऱ्यांच्या उशाशी आणि सगळ्यांमागून जेवणारीला कढईला लागलेला रस्सा. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक, पण ही रिकामी कढई त्यांतलं एक आहेच.