विश्लेषण : निवृत्त झाला, म्हणून बोनस परत! ‘मेगाट्रॉन’च्या कारकिर्दीचा हिशेब कुठे चुकला?

८ मार्च २०१६. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमधल्या डेट्रॉइट लायन्स संघाचा वाइड रिसीव्हर कॅल्विन जॉन्सन यानं निवृत्ती जाहीर केली. वय अवघं ३०. कुठला घोटाळा नाही, बंदी नाही, फॉर्मही गेलेला नव्हता. आदल्याच हंगामात त्यानं ८८ झेल घेत १,२१४ यार्ड काढले होते. पण शरीर थकलं होतं. संघानं त्याचे आभार मानले आणि नंतर बोनसचा काही भाग परत मागितला.

जॉन्सननं परत केलेली रक्कम किमान १० लाख डॉलर असल्याचं आधी छापून आलं, नंतरच्या बातम्यांत १६ लाखांचा आकडा आला. रागानं त्यानं पुढची अनेक वर्षं संघाशी संबंध तोडले. लायन्सच्या इतिहासातला सर्वांत मोठा रिसीव्हर आणि लायन्स यांच्यात बोलणं नाही, असा विचित्र प्रकार.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कागदावर लायन्स बरोबर होते. पण तो कागदच एका बाजूला झुकलेला आहे. आणि कागद बाजूला ठेवला तरी, निव्वळ व्यवहार म्हणून बघितलं तरी हा निर्णय मूर्खपणाचा होता.

वाइड रिसीव्हर म्हणजे कोण?

हा खेळ न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. मैदान १०० यार्डांचं. संघाला १० यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. चेंडू फेकतो तो क्वार्टरबॅक. कडेला उभा राहून, ठरलेल्या वाटेनं धावत जाऊन तो चेंडू झेलतो तो वाइड रिसीव्हर. ऐकायला सोपं आहे. पण झेल घेताना त्याची नजर वर चेंडूकडे असते, हात वर ताणलेले असतात, बरगड्या उघड्या असतात आणि त्याच क्षणी १०० किलोच्या आसपासचा एक माणूस पूर्ण वेगानं त्याला पाडायला येत असतो. क्रिकेटमध्ये सीमारेषेवर झेल घेणाऱ्याला प्रत्येक वेळी कुणीतरी आडवं करायचं ठरवलं तर काय होईल, तसं.

जॉन्सन या कामासाठीच बनवल्यासारखा होता. उंची ६ फूट ५ इंच, वजन सुमारे १०८ किलो. २००७ च्या निवड चाचणीत त्यानं ४० यार्ड ४.३५ सेकंदांत कापले, तेही उसन्या बुटांवर. उभ्या अवस्थेतून सुरुवात धरूनही हा सरासरी वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर जातो. एवढं वजन एवढ्या वेगात असलं की टक्कर कशी होत असेल, हे बारावीचं भौतिकशास्त्र आठवणाऱ्यांनी स्वतःच काढून बघावं. वजनाच्या पुढे वेगाचा वर्ग येतो, हे विसरू नका. ‘ट्रान्सफॉर्मर्स’मधल्या यंत्रमानवावरून ‘मेगाट्रॉन’ हे नाव त्याला दिलं त्याचा सहकारी रिसीव्हर रॉय विल्यम्स यानं.

डेट्रॉइट त्यानं निवडलं नव्हतं

एनएफएलमध्ये नवा खेळाडू संघ निवडत नाही. ड्राफ्ट होतो. आपल्या आयपीएलच्या लिलावाची आठवण होईल, पण इथे बोली लागत नाही, पाळी लागते. आदल्या हंगामात जो संघ सर्वांत वाईट खेळला, त्याची पाळी पहिली. म्हणजे सर्वांत गुणी पोरगा सर्वांत पडक्या घरात. २००७ मध्ये दुसऱ्या क्रमांकाची पाळी लायन्सची होती आणि जॉर्जिया टेकमध्ये शिकणारा जॉन्सन त्यांच्याकडे गेला.

दुसऱ्याच हंगामात, म्हणजे २००८ मध्ये, लायन्स सोळाच्या सोळा सामने हरले. एनएफएलमध्ये १६ सामन्यांच्या हंगामात अशी पाटी कोरी ठेवणारा तो पहिला संघ. आणि त्याच हंगामात जॉन्सननं १२ टचडाऊन झेल घेतले. लीगमध्ये त्याच्या बरोबरीला फक्त ॲरिझोनाचा लॅरी फिट्झगेराल्ड होता. त्याची सगळी कारकीर्द मला या एका हंगामात दिसते. नऊ हंगामांत लायन्सनं ५४ सामने जिंकले आणि ९० हरले. बाद फेरी फक्त दोनदा, दोन्ही वेळा पहिल्याच सामन्यात घरी. जानेवारी २०१२ मध्ये न्यू ऑर्लिन्सविरुद्ध त्यानं १२ झेल, २११ यार्ड आणि २ टचडाऊन केले. संघ ४५-२८ असा हरला.

२०१२ चा हंगाम तर गणित म्हणूनही अजब आहे. जॉन्सननं १,९६४ यार्ड काढले आणि जेरी राइसचा १९९५ पासूनचा १,८४८ चा विक्रम मोडला. अटलांटाविरुद्ध घरच्या मैदानावर विक्रमाचा झेल घेतल्यावर तो कडेला धावत गेला आणि चेंडू वडिलांच्या हातात दिला. तो सामनाही संघ हरला. त्या वर्षी लायन्सचे विजय चार. लीगच्या इतिहासातला एका हंगामातला सर्वांत मोठा आकडा, आणि टचडाऊन फक्त ५. हेच त्या संघाचं दुखणं होतं. तो चेंडू मैदानभर वाहून आणायचा, दारात आल्यावर गाडी अडायची.

२०२१ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सच्या कूपर कपनं १,९४७ यार्ड काढले. तोवर हंगाम १७ सामन्यांचा झाला होता. एक सामना जास्त खेळूनही कप १७ यार्डांनी मागे राहिला. गंमत म्हणजे त्या हंगामात कपला आणि २०१२ मध्ये जॉन्सनला चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक एकच, मॅथ्यू स्टॅफर्ड. स्टॅफर्डकडे आपण पुन्हा येऊ.

जिंकल्याचे दिवस नव्हतेच असं नाही. २७ ऑक्टोबर २०१३ ला डॅलसविरुद्ध त्यानं १४ झेलांत ३२९ यार्ड काढले. एका सामन्यात याहून जास्त फक्त एकदाच झाले आहेत, १९८९ मध्ये फ्लिपर अँडरसनचे ३३६, आणि त्या सामन्यात जादा वेळ खेळला गेला होता. शेवटचं मिनिट, हातात एकही टाइमआऊट नाही, ८० यार्ड जायचं होतं. जॉन्सननं चेंडू गोलरेषेच्या एक यार्डापर्यंत नेला. स्टॅफर्डनं घड्याळ थांबवण्यासाठी चेंडू जमिनीवर आपटतोय असं नाटक केलं आणि ढिगावरून उडी मारून टचडाऊन केला. ३१-३०. वेळ असेल तर हा व्हिडीओ शोधून बघाच. डेट्रॉइटजवळच्या एका गाड्यांच्या कंपनीत काम करणाऱ्या माझ्या कॉलेजमित्रानं हा मला पाठवला होता, तिथूनच मला या खेळाचा नाद लागला.

त्याच्या नावानं एक नियमही ओळखला जायचा. सप्टेंबर २०१० मध्ये शिकागोत, सामना संपायला अर्धं मिनिटही नसताना जॉन्सननं टचडाऊनचा झेल घेतला. दोन्ही पाय टेकले, तो खाली बसला, आणि उठताना हातातला चेंडू जमिनीला लागून सुटला. पंचांनी झेल अमान्य केला, लायन्स १९-१४ हरले. पडताना झेल घेणाऱ्यानं शेवटपर्यंत चेंडू धरून ठेवला पाहिजे, असा तो नियम. आठ वर्षं लोक भांडले, २०१८ मध्ये संघमालकांनी ३२-० मतांनी तो बदलला. तोवर जॉन्सन निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती.

आता पैशांचं

मार्च २०१२ मध्ये लायन्सनं त्याच्याशी सुमारे १३ कोटी २० लाख डॉलरचा नवा करार केला. बातम्यांमध्ये असे आकडे मोठे दिसतात, पण एनएफएलमध्ये कराराची पूर्ण रक्कम पक्की नसते. संघ खेळाडूला मधेच काढू शकतो, आणि हमी नसलेले पुढच्या वर्षांचे पैसे मग मिळत नाहीत. म्हणून खेळाडूचा खरा आधार साइनिंग बोनस, जो सही करताना हातात पडतो. जॉन्सनच्या बाबतीत तो १ कोटी ६० लाख डॉलर होता.

इथे हिशेबाची एक खाच आहे. प्रत्येक संघाला खेळाडूंवरच्या खर्चाची वार्षिक मर्यादा असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. बोनस एकदम दिला तरी कॅपच्या वहीत तो जास्तीत जास्त पाच वर्षांत वाटून दाखवता येतो. १ कोटी ६० लाख भागिले पाच, वर्षाला ३२ लाख. २०१२ ते २०१६. जॉन्सन २०१५ चा हंगाम खेळून थांबला, म्हणजे पाचवा हप्ता ‘न कमावलेला’ राहिला. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातला सामूहिक करार सांगतो की, स्वतःहून निवृत्त होणाऱ्याकडून असा भाग परत मागता येतो. लायन्सनं तेच केलं.

मागावाच लागतो, असं मात्र कुठे लिहिलेलं नाही. आणि त्याच निवृत्तीमुळे लायन्सचा फायदाही झाला होता. २०१६ च्या कॅपवर जॉन्सनचा बोजा सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर होणार होता. तो गेल्यामुळे एक कोटी डॉलरहून जास्त जागा मोकळी झाली.

आपल्याकडे इंजिनीअरिंग करून पहिली नोकरी धरलेल्यांना ‘बॉण्ड’ काय असतो ते सांगावं लागत नाही. माझ्या पहिल्या कंपनीत दोन वर्षांचा होता. चौदाव्या महिन्यात मी निघालो तेव्हा ट्रेनिंगच्या खर्चाचा हिशेब मेलवर आला, मी पैसे भरले. त्याच कंपनीनं आमच्या बॅचमधल्या काहींना एका दुपारी घरी पाठवलं होतं, तेव्हा त्यांच्या उरलेल्या बॉण्डचा हिशेब कुणी कुणाला पाठवला नव्हता. आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण कलम वाचताना मला ते मेल आठवलं खरं.

‘एवढे कोटी कमावले, मग रडतो कशाला?’

हा प्रश्न रास्त आहे. जॉन्सननं खेळून ११ कोटींहून अधिक डॉलर कमावले. २०१२ च्या करारावर त्यानं डोळे उघडे ठेवून सही केली होती, तेव्हा ड्राफ्टची सक्ती नव्हती. करार मोडला तर भरपाई द्यावी लागते, हे कुणालाही कळतं.

पण तो काय सोडून गेला तेही बघा. बोटं, घोटे, गुडघे आणि डोक्याला बसलेले धक्के. कारकिर्दीच्या सुरुवातीच्या काळात संघांकडून वेदनाशामक गोळ्या किती सहज मिळायच्या, हे त्यानं निवृत्तीनंतर उघड सांगितलं. १३५ सामने, ७३१ झेल, ११,६१९ यार्ड. मीटरमध्ये मोजलं तर नऊ वर्षांची ही कमाई साडेदहा किलोमीटरच्या आसपास भरते. रोज पळायला जाणारे एवढं अंतर तासाभरात कापतात. यातला जवळपास प्रत्येक झेल जमिनीवर आपटून संपला. २०१७ मध्ये त्यानं असंही सांगितलं की, हा संघ सुपर बोल जिंकेल असं त्याला वाटत नव्हतं आणि दुसरीकडे जावं तर करार आडवा होता. संघाला त्याला कधीही काढता येत होतं. त्याला बाहेर पडायचं तर खेळणंच सोडावं लागत होतं, आणि त्याचंही बिल आलं.

इतर संघ असं वागतातच असं नाही. २०१९ मध्ये इंडियानापोलिसचा क्वार्टरबॅक अँड्र्यू लक हंगामाच्या तोंडावर, वयाच्या २९ व्या वर्षी दुखापतींना कंटाळून निवृत्त झाला. संघ त्याच्याकडून सुमारे २ कोटी ४८ लाख डॉलर परत मागू शकत होता. संघानं मागितले नाहीत. लायन्सनं मात्र १९९९ मध्ये बॅरी सँडर्स अचानक निवृत्त झाला तेव्हाही बोनससाठी लवाद गाठला होता. संघाचे दोन सर्वांत लाडके खेळाडू, दोघांकडेही वसुली. जॉन्सनच्या पैशांतून संघाला कॅपमध्ये मोकळ्या झालेल्या जागेच्या तुलनेत चिल्लर मिळाली. गमावलं ते २०२१ मध्ये दिसलं. जॉन्सन पात्र ठरताच पहिल्याच वर्षी, ३५ व्या वर्षी हॉल ऑफ फेममध्ये गेला. घरच्या मैदानावर त्याला अंगठी देण्याचा सोहळा होता. संघमालक शीला फोर्ड हॅम्प बोलायला उभ्या राहिल्या आणि प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली.

त्याच वर्षी स्टॅफर्डनं दुसऱ्या संघात जायची इच्छा सांगितली, लायन्सनं त्याला रॅम्सकडे जाऊ दिलं आणि पुढच्या फेब्रुवारीत त्यानं सुपर बोल जिंकला. तीच मोकळीक २०१६ मध्ये जॉन्सनला मिळाली असती तर? उत्तर कुणालाच देता येणार नाही, पण डेट्रॉइटचे चाहते हा प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाहीत.

जॉन्सन २०२३ पासून पुन्हा संघाच्या आवारात दिसू लागला. ३० सप्टेंबर २०२४ च्या रात्री सिॲटलविरुद्धच्या सामन्यात लायन्सनं त्याचं नाव फोर्ड फील्डच्या मानाच्या यादीत लावलं. बोनस परत मागण्याची मुभा देणारी तरतूद मात्र २०२० मध्ये झालेल्या नव्या सामूहिक करारातही कायम आहे, आणि तो करार २०३० च्या हंगामापर्यंत चालणार आहे.