पन्नास मीटरांपलीकडचा बाजार

वाशिम जिल्ह्यातील शिरपूर जैनसारख्या गावी शेतमजुराचे मूल पाच रुपयांच्या चिप्सच्या पुडीसाठी रडते, तेव्हा दोष त्याच्या हट्टाला दिला जातो. हा हट्ट महानगरातील जाहिरातकचेरीत भांडवल ओतून पिकवलेला असतो, हे कोणी सांगत नाही.

‘ग्राहक राजा’ हे बाजारवाद्यांचे सूत्र जाणत्या ग्राहकालाच गृहीत धरते. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्ती करारास अपात्र आहे. मग त्याच मुलाला ‘विकत घे’ म्हणण्याचा अधिकार कंपन्यांना कोणी दिला?

नियम आहेत. २०२० च्या विनियमांनी शाळेत व सभोवती ५० मीटरांत साखर, मीठ व स्निग्धांश अधिक असलेल्या पदार्थांची विद्यार्थ्यांना विक्री व जाहिरात निषिद्ध ठरवली. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मुलांच्या कार्यक्रमांतून चिप्स व शीतपेयांच्या जाहिरातींना मज्जाव केला. परंतु घरातल्या मोबाइलला ५० मीटरांची सीमा कोठली? आणि दंडुका उगारलाच, तर तो शाळेपुढील गरीब टपरीवाल्यावर पडेल. जाहिरातदार नामानिराळाच राहील.

कार्यकर्त्यांनी हा प्रश्न ग्रामसभेत न्यावा. मागणी एकच असावी : मुलांना उद्देशून केलेली असली जाहिरात कोणत्याही पडद्यावर असो, ती बंद झाली पाहिजे आणि दंड कंपनीने भरला पाहिजे. आईच्या मजुरीवर पहिला हक्क मुलाच्या भाकरीचा आहे.