आधी गोष्ट, मग अंधार

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली आणि बीड जिल्ह्याचे नाव देशभर गुन्ह्याशी जोडले गेले. अशा जिल्ह्यावर गुन्हेगारीपट काढण्याचा मोह कुणालाही होईल. निळसर अंधार, ओला डांबरी रस्ता, सिगारेटचा धूर, संथपणे वळण घेणारी काळी गाडी ही नॉयर, म्हणजे काळोख्या गुन्हेगारीपटाची सामग्री आज कमी पैशांतही उभी करता येते. अडते ते गोष्टीपाशी.

निखिल महाजन यांचा ‘पुणे ५२’ (२०१३) या दृष्टीने पुन्हा पाहावा. काळ १९९२चा. गिरीश कुलकर्णी यांनी साकारलेला अमर आपटे हा पैशाची चणचण असलेला खासगी गुप्तहेर. लोकांच्या संसारातल्या भानगडी चोरून टिपणे हा त्याचा धंदा. चित्रपट त्याच्या घरखर्चात आणि त्या चोरट्या कॅमेऱ्यात रमतो, तोवर प्रत्येक काळोखी चौकट काही सांगते. दुसऱ्यांच्या घरात डोकावणारा हा माणूस स्वतःच्या घरात परका होत चाललेला दिसतो. पुढे कारस्थानाचा गुंता वाढतो, माणसे अशी का वागतात ते पुसट होते आणि दृश्ये देखणी असूनही मन कोरडे राहते. नॉयरचे हे धाडस मराठीत झाले याचे मोल मोठेच आहे. म्हणूनच ते कुठे कमी पडले हेही बोलले पाहिजे.

श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ (२०१८) त्याच पुण्यात घडतो. आंधळेपणाचे सोंग घेतलेला पियानोवादक उजेडाने भरलेल्या फ्लॅटमध्ये वाजवत राहतो आणि त्याच्यासमोर प्रेत आवरले जाते. त्याला सारे दिसते, पण दिसल्याचे दाखवता येत नाही. त्याची ही कोंडी प्रेक्षकाला नेमकी ठाऊक असते, म्हणून लख्ख उजेडातही अंगावर काटा येतो.

कोंडीत सापडलेला माणूस हाच नॉयरचा जीव. तो बीडमध्ये शोधायला रात्र व्हावी लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, घेऊन जोडपी ऊसतोडीला फडावर निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. खाडा पडला की दंड, उचल फिटली नाही की पुढच्या हंगामालाही तीच वाट. याच जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांनी २०१९मध्ये महाराष्ट्र हादरला होता. देणे, धाक आणि गप्प बसणे, हे सगळे इथे भर उन्हात चालते.

जिल्ह्यात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या तरुणांना म्हणूनच कळकळीने सांगावेसे वाटते: तुमच्या नायकावर किती रुपयांचे देणे आहे, कुणाचे आहे आणि ते फेडण्यासाठी तो कुठवर जाईल, हे आधी ठरवा. दिवा कुठे लावायचा ते त्यानंतर.